उजनीच्या पाण्याखालचं गाव जुन्या इंची नकाशावर कसं शोधायचं

मे महिना लागला आणि भीमेवरचं उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे पाणी ठरलेल्या किमान पातळीखाली उतरलं, की पेपरात पळसदेवच्या जुन्या देवळाचा फोटो येतो. भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेलं शिखर आणि खाली ठरलेल्या ओळी. मग कुणीतरी विचारतंच : पण या देवळाच्या भोवतीचं गाव नेमकं कुठवर होतं? नदी कुठून वाहायची? बाजाराला जायची वाट कोणती?

याची उत्तरं सांगणारी माणसं आता थकली आहेत. पण एक कागद अजून शाबूत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना इंची नकाशा, म्हणजे एक इंचाला एक मैल या मापाची टोपोशीट. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच्या पाहणीच्या टोपोशीटवर भीमेचं खोरं कोरडं आणि नांदतं आहे. हा लेख ज्यांनी टोपोशीट कधी उघडलेली नाही त्यांच्यासाठी आहे. उदाहरण उजनीचं घेतलंय, पण कोयना, पानशेत, मुळशी, कुठल्याही खोऱ्याला हीच रीत लागू पडते.

आधी कोणता नकाशा हवा ते ठरवा

‘जुना नकाशा’ म्हणून तुमच्या हातात चार वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो.

पहिला, गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, त्यावर शेतांच्या हद्दी आणि गट नंबर असतात. वारसाहक्काच्या भांडणाला उत्तम. पण त्यावर चढ-उतार नसतो आणि शेजारचं गावही नसतं, त्यामुळे खोरं समजायला त्याचा उपयोग नाही.

दुसरा, इंडियन ॲटलास. हे काम १८२७ मध्ये सुरू झालं, माप एका इंचाला चार मैल. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले हे नकाशे दिसायला फार देखणे. डोंगर मात्र बारीक रेघारेघांनी दाखवलेले, घोंगडीच्या सुटलेल्या दशा पसराव्यात तसे. उतार कुठं तीव्र आहे ते कळतं, उंची किती ते कळत नाही.

तिसरा, आपला इंची नकाशा. १९०५ नंतर सर्वेक्षण विभागाने नव्या पद्धतीची रंगीत मालिका हाती घेतली, त्यातला. समोच्च रेषा म्हणजे कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), विहिरी, देवळं, गाडीवाटा, सगळं यात आहे. प्रमाण १:६३,३६०.

चौथा, अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात काढलेली यू-५०२ मालिका, १:२,५०,००० प्रमाणाची. ही सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरूनच जुळवलेली आहे. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तानेदा ग्रंथालयाच्या संग्रहात ती घरबसल्या, फुकट पाहता येते. पुणे ते उजनीकाठचं भिगवण हा पट्टा एनई ४३-६ या पत्रकात, म्हणजे मालिकेतल्या एका कागदात, येतो, तिथून पूर्वेला एनई ४३-७. सुरुवात इथूनच करा. खोऱ्याचा एकूण अंदाज येतो, आणि इंची पत्रक मिळवायची खटपट करायची की नाही तेही ठरवता येतं.

पत्रकाचा नंबर काढायला शिका

दुकानात, ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात जाऊन ‘भिगवणचा नकाशा द्या’ म्हटलं तर समोरचा माणूस नंबर विचारणार. तो तुम्हाला स्वतः काढता आला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

चार अंश उंच आणि चार अंश रुंद असा एक मोठा चौकोन. आपल्या भागाचा क्रमांक ४७ : अक्षांश १६ ते २०, रेखांश ७२ ते ७६. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे करायचे आणि त्यांना ए ते पी अशी इंग्रजी अक्षरं द्यायची. अक्षरं वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात आणि वरून खाली उतरतात, डावीकडून उजवीकडे नाही. ए, बी, सी, डी हा पहिला उभा रकाना, मग शेजारच्या रकान्याच्या डोक्यावर ई. पहिल्यांदा सगळेच इथे चुकतात. मीही आडवं मोजलं होतं आणि भलत्याच तालुक्याचं पत्रक मागवून बसलो होतो.

प्रत्येक अंशाच्या तुकड्याचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे, पुन्हा तसेच वरून खाली.

आता भिगवण घ्या. साधारण १८ अंश १८ मिनिटं उत्तर, ७४ अंश ४६ मिनिटं पूर्व. रेखांश ७४ ते ७५ हा तिसरा रकाना, त्यात अक्षांश १८ ते १९ म्हणजे दुसरं घर : जे. त्याच्या आत ४५ मिनिटांच्या पुढे म्हणजे चौथा रकाना, आणि १५ ते ३० मिनिटं म्हणजे वरून तिसरं घर : १५. झालं, ४७ जे/१५. याच हिशेबाने पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये येतं आणि उजनीची भिंत ४७ एन/४ मध्ये.

भिगवण पत्रकाच्या पश्चिम काठाला अगदी चिकटून आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणजे शेजारचं ४७ जे/११ सुद्धा लागणार. आपल्याला हवं ते गाव नेहमी दोन पत्रकांच्या शिवेवरच निघतं. दोन्ही एकदमच मागवा.

सर्वेक्षण विभागाच्या नव्या खुल्या मालिकेत पत्रकांचे नंबर वेगळ्या पद्धतीने लिहितात. विभागाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येतात आणि आजची स्थिती पाहायला ती हवीतच, पण त्यांवर उजनीचा निळा जलाशय आहे. आपल्याला त्याच्या खालचं हवंय.

नकाशाच्या आधी समास वाचा

पत्रक उलगडलं की नजर लगेच गावांच्या नावांवर जाते. ती आवरा. आधी चारही बाजूंचे समास वाचायचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्ष. आणि वर्षं दोन असतात. एक पाहणीचं, एक छपाईचं. छपाई नंतरची असली तरी पाहणी त्याच्या वीस-तीस वर्षं आधीची असू शकते. मधे रस्ते आणि रेल्वे तेवढ्या दुरुस्त करून घेतलेल्या असतात, गावं आणि ओढे जुनेच. त्यामुळे एकाच पत्रकावर नवा रस्ता आणि जुनी वस्ती शेजारी शेजारी दिसते आणि वाटतं, हे दोन्ही एकाच काळातलं आहे. तसं नसतं. काही पत्रकांवर कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो, त्यात कोणता भाग कोणत्या साली पाहिला ते दिलेलं असतं. तो चौकोन सापडला तर त्याचा वेगळा फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, कंटूरचं अंतर. इंची पत्रकांवर ते सहसा ५० फूट असतं, पण तळाशी लिहिलेलं पाहूनच पुढे जा. आकडे फुटांत आहेत हे विसरू नका. १:५०,००० ची दशमान पत्रकं नंतर आली, त्यांच्यावर मीटर आहेत. दोन पत्रकं शेजारी ठेवून ‘इथं १६०० आणि तिथं ५०० कसं?’ असं डोकं खाजवणारे मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट फक्त इंडियन ॲटलाससारख्या जुन्या नकाशांसाठी. त्यांचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजलेले आहेत, आणि त्या वेधशाळेचा रेखांशच तेव्हा थोडा चुकीचा धरला गेला होता. सुमारे अडीच मिनिटांचा फरक. आपल्या अक्षांशावर हे चार किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे अशा नकाशावरचा रेखांश जसाच्या तसा फोनमध्ये टाकलात तर तुम्ही नदीच्या पलीकडच्या उसात उभे राहाल.

माप घेताना पट्टी बाजूला ठेवा

मूळ कागद हातात असेल तर एक इंच म्हणजे एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर. सोपं आहे. पण तुमच्याकडे बहुतेक स्कॅन असणार, आणि स्कॅनची छापील प्रत कधीच मूळ मापाची नसते. तेव्हा मोजायचं ते तळाशी छापलेल्या मापरेषेवर. कागद लहान-मोठा झाला तरी तीही त्याच प्रमाणात बदलते.

नदीची किंवा वाटेची लांबी मोजायला शिवणकामाचा दोरा घ्या. टोकाला थुंकी लावून चिकटवा, वळणावळणाने बोटाने दाबत न्या, मग तो सरळ करून मापरेषेवर धरा. फोनवर रेघ ओढूनही हे होतं, पण दोऱ्याने मोजलेलं वळण बोटांच्या लक्षात राहतं.

एक अंदाज मनात असू द्या. आपल्याकडचं इंची पत्रक दक्षिणोत्तर साधारण २७.७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६.४ किलोमीटर भूभाग दाखवतं. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पायी ओलांडता येईल एवढा.

नदी वाचणं

इथे जरा थांबायला हवं, कारण खोऱ्याचा नकाशा म्हणजे शेवटी नदीचा नकाशा.

सर्वेक्षणाची माणसं पावसाळा संपल्यावर बाहेर पडत आणि पावसाळ्यात कार्यालयात बसून रेखाटन करीत. त्यामुळे नकाशावरची भीमा ही हिवाळ्या-उन्हाळ्यातली भीमा आहे. दोन काठ लांब लांब, मधे वाळूचे ठिपके, आणि त्या वाळूतून या कडेने त्या कडेला जाणारी निळी धार. निळा रंग म्हणजे बारमाही पाणी. जे ओढे उन्हाळ्यात आटतात ते काळ्या रेषेने दाखवलेले असतात. नवखी माणसं त्यांना पायवाटा समजतात. ओळखायची खूण अशी : ओढा कंटूरला छेदतो तिथे कंटूर चढाच्या बाजूला टोकदार होतो, इंग्रजी व्हीसारखा. वाट कंटूरला असं काही करत नाही.

काठाजवळ कधी कधी बारीक अक्षरात ‘१५ आर’ असं काहीतरी दिसेल. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही. आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची आहे. म्हणजे तिथे काठाची दरड पंधरा फुटांची. बैलगाडी कुठून उतरत असेल आणि कुठून उतरूच शकत नसेल, ते एवढ्या एका आकड्यावरून कळतं. मग उताराची जागा शोधा, आणि तिथे दोन्ही काठांना गाडीवाटेची तुटक रेघ येऊन थांबते का पाहा. नावेची जागा असेल तर तसं लिहिलेलंही असतं.

याच भागात डिकसळचा पूल पाहून घ्या. पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ च्या डिसेंबरात डिकसळपर्यंत आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. उजनीसाठी लोहमार्ग हलवावा लागला आणि जुना रेल्वेपूल रस्त्याच्या कामी आला. जुन्या पत्रकावर रूळ या पुलावरून जातात, नव्यावर दुसरीकडून. दोन नकाशे एकमेकांवर बसवताना असा दगडी, न हललेला खांब सोन्यासारखा. देवळं चालतात, पूल चालतात. गावाचं नाव मात्र चालत नाही, ते का ते पुढे सांगतो.

बुडीत रेषा स्वतः काढा

हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे.

उजनी पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते. ०.३०४८ ने भागा : १६३० फूट. आणि ज्या पातळीखाली गेलं की बातम्यांत ‘मायनस’ म्हणतात ती ४९१.०३ मीटर, म्हणजे १६११ फूट.

आता इंची पत्रकावर १६०० आणि १६५० चे कंटूर शोधा. १६३० त्या दोन रेषांच्या मधे, खालच्या रेषेपासून पाचात तीन भाग अंतरावर. भीमेचं खोरं इथे इतकं सपाट आहे की दोन कंटूर एकमेकांपासून दूर दूर पळतात. समजा ते एक इंच दूर असतील, तर १६०० पासून ०.६ इंचावर पेन्सिलीने ठिपका द्या. असे ठिपके देत नदीच्या दोन्ही अंगांनी जा आणि जोडा. ओढ्यांच्या तोंडातून रेषा आत शिरेल, टेकाडांना वळसा घालेल. हात दुखेल. पण ती रेषा पूर्ण झाली की तिच्या आत राहिलेलं प्रत्येक नाव वाचा.

तीच रेषा १६११ ची काढली तर उन्हाळ्यात कोणती जागा उघडी पडू शकते तेही कळतं. दोन-चार फूट इकडेतिकडे होणार हे धरूनच चाला. ५० फुटांच्या दोन रेषांमधला हा शेवटी अंदाज आहे. म्हणून शेवटी आजच्या उपग्रहचित्रातल्या काठाशी ताडून पाहायचं.

संगणकावर बसवायचं असेल तर

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणाऱ्या साधनात, स्कॅन उघडा, पत्रकाचे चारही कोपरे आणि आतल्या पाच-पाच मिनिटांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू देऊन त्यांचे अक्षांश-रेखांश भरा. फक्त चार कोपरे पुरत नाहीत, घडीमुळे कागद ताणलेला असतो.

एक मेख आहे. जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हाच्या मापावर, आधारलेले आहेत, तुमचा फोन डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. सरळ बसवलंत तर भीमेच्या या भागात सगळं शंभर-दीडशे मीटर सरकलेलं दिसेल. सॉफ्टवेअरमधल्या अक्षांश-रेखांश प्रणालींच्या यादीत ‘कल्याणपूर’ नावाने सुरू होणाऱ्या काही नोंदी आहेत, त्या या जुन्या मापनासाठीच. त्यांचं गणित जमत नसेल तर साधा उपाय : डिकसळच्या पुलासारखी एक पक्की जागा दोन्हीकडे शोधा आणि जुना नकाशा तेवढा ढकला. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही. गाव सापडण्यापुरतं चालतं.

नावांचा फास

जुनी स्पेलिंगं धरून चाला : दौंड ‘धोंड’ असं लिहिलेलं, सोलापूर ‘शोलापूर’, पुणे ‘पूना’. कुर्डुवाडीचं स्थानक तर ‘बार्शी रोड’ म्हणून सापडेल. बुद्रुक आणि खुर्द बारीक दोन अक्षरांत उरकलेले असतात, ते नीट वाचा, नाहीतर नदीच्या भलत्याच काठावर जाल.

पण खरा फास वेगळा आहे. धरणाने उठलेली गावं नवीन जागी बसली ती आपलं नाव बरोबर घेऊन. नव्या गावठाणाला तेच नाव. फोनच्या नकाशावर नाव टाकलं की सुई नव्या गावठाणावर रुतते. माझ्या पहिल्या फेरीत मी इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका सुईच्या मागे गेलो. हायवेलगतच्या सिमेंटच्या पारावर एक आजी बसल्या होत्या. मी नकाशा पुढे केला आणि विचारलं, जुनं गाव हेच ना? त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. हात उत्तरेला केला. ‘ह्ये नवं. जुनं तिकडं, पान्यात. आमची हीर बी तिथंच.’

मी परत येऊन पत्रक पाहिलं. गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या वळणावर एक निळं वर्तुळ होतं. बांधीव विहीर.

तेव्हापासून कुणाकडे जाताना मी छापील तुकडा मोठा करून नेतो, निदान ए-३ कागदावर, आणि नावं मराठीत हाताने लिहून नेतो. इंग्रजी बारीक अक्षरं साठ-सत्तर वर्षांच्या माणसाने का वाचावीत? आणि ‘हे काय आहे?’ असं विचारत नाही. ‘इथून देवळात कसं जायचात?’ असं विचारतो. बोट आपोआप कागदावर फिरायला लागतं. त्या बोटाच्या वाटेवर लगेच पेन्सिल फिरवायची, आणि खाली सांगणाऱ्याचं नातं आणि वय लिहायचं.

प्रत्यक्ष जाताना

एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा. जाण्याआधी धरणाची पातळी पाहा, ती रोज जाहीर होते. ४९१.०३ च्या खाली असेल तर तुमच्या १६११ च्या रेषेबाहेरची जमीन उघडी असायला हवी.

उघडी म्हणजे चालण्याजोगी नव्हे. वरून फुटलेल्या खापरासारखा कोरडा दिसणारा गाळ खाली लोण्यासारखा असतो आणि मांडीपर्यंत पाय घेतो. एकट्याने जाऊ नका. भिगवण, कुंभारगाव भागात पक्षी दाखवायला होड्या नेणारे मच्छीमार आहेत, रोहित पाहायला येणाऱ्यांमुळे त्यांना अनोळखी माणसांची सवय आहे. त्यांना नकाशा दाखवा. पाण्याखालच्या भिंती त्यांना आधीच ठाऊक असतात, कारण जाळी तिथेच अडकतात.

पोहोचलात की फोनवर जागेची नोंद करा, आणि कागदाच्या मागे तारीख आणि त्या दिवशीची पातळी मीटरमध्ये लिहा. पुढच्या वर्षी पातळी वेगळी असेल, उघडी जागाही वेगळी असेल, आणि यंदाच्या फोटोत दिसणारा तो चौथरा किती खोल आहे हे त्या आकड्यावरूनच कळेल. आजींची विहीर मला अजून दिसलेली नाही. माझ्या हिशेबाने ती १६०५ फुटांच्या आसपास आहे, म्हणजे ४८९ मीटर.